कारणांच्या शोधातले अल्पायुष्य : डॉ. आनंदीबाई जोशी

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात कल्याणचे नाव घेतले जाते ते एक प्राचीन बंदर म्हणून, मोठी बाजारपेठ म्हणून आणि खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यामुळे. याच गावातल्या जोशी घराण्यात जन्मलेल्या एका मुलीने एकोणिसाव्या शतकात सातासमुद्रापार जाऊन वैद्यकाची पदवी मिळवली, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या धैर्याच्या कथा पुष्कळदा सांगितल्या गेल्या आहेत. मात्र त्या ज्या काळात वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या, तो काळ वैद्यकाच्या दृष्टीने किती विलक्षण होता, याची चर्चा फारशी होत नाही. माणसाला रोग का होतो, या प्रश्नाचे हजारो वर्षांचे उत्तर त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होते. आणि ज्या रोगाने त्यांचा बळी घेतला, तोच त्या बदलाच्या केंद्रस्थानी होता.

१८६५ : एका वर्षातल्या चार घटना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्या आधी तीनच आठवडे, ८ मार्च रोजी, युरोपातील ब्रुन या गावी ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका धर्मगुरूने स्थानिक निसर्गविज्ञान मंडळापुढे वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांचा उत्तरार्ध वाचून दाखवला होता. आईवडिलांचे गुण संततीत कोणत्या नियमाने उतरतात, याचे ते पहिले गणिती उत्तर होते. ऐकणाऱ्यांना त्याचे महत्त्व कळले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर मरण पावला. बाळंतिणींना होणारा जीवघेणा ताप डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून पसरतो, असे तो आयुष्यभर सांगत राहिला आणि त्याबद्दल हेटाळणी सोसत राहिला. वर्ष संपता संपता, डिसेंबरात, पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे व्हिलमाँ या लष्करी डॉक्टरने क्षयी माणसाच्या फुप्फुसातील द्रव्य सशाला टोचून त्याला क्षय झाल्याचे दाखवून दिले. क्षय संसर्गजन्य आहे, हे त्याचे म्हणणेही बहुतेकांनी बाजूला सारले.

आनुवंशिकता, प्रसूती आणि क्षय या तिन्ही विषयांतले निर्णायक शोध कल्याणात ही मुलगी जन्मली त्याच वर्षी जगापुढे आले किंवा दुर्लक्षात विझले. पुढच्या बावीस वर्षांत या तिन्ही विषयांशी तिची गाठ पडणार होती.

कल्याणचे घर

माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी आणि आई गंगाबाई. एके काळी जमीनजुमला बाळगून असलेल्या या घराची आर्थिक स्थिती उतरणीला लागली होती. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्यामुळे गाव मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आले होते. पण घरातल्या चालीरीती तिथल्या तिथेच होत्या. मुलींचे शिक्षण हा विषय बहुतेक घरांत निघतच नसे. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की लग्नाची घाई सुरू होई.

३१ मार्च १८७४ रोजी, म्हणजे नववे वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, यमुनेचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. लोकहितवादींच्या शतपत्रांचा त्यांच्या मनावर मोठा प्रभाव होता. बायकोला शिकवू देण्याची अट त्यांनी लग्नापूर्वीच घातली होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास सुरू झाला.

गोपाळरावांचे श्रेय मोठे आहे, पण त्यांचा स्वभाव विक्षिप्त आणि संतापी होता, हेही नोंदवले पाहिजे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेली पत्नी त्यांना सहन होत नसे आणि प्रसंगी ते तिच्यावर हात टाकीत. आनंदीबाईंचे शिक्षण हे केवळ प्रेमळ प्रोत्साहनातून झाले, असे म्हणता येत नाही. सक्तीने सुरू झालेली ही विद्या पुढे त्यांच्या स्वतःच्या ध्यासाची कशी झाली, याचे उत्तर एका मृत्यूत सापडते.

दहा दिवसांचे मूल

१८७८ च्या सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी घरोघरी अशी मुले जात. कुणी दृष्ट म्हणे, कुणी सटवाईचा लेख, कुणी आईचे प्रारब्ध. बाळंतिणीची अंधारी खोली, सुईणीचे हात, नाळ कापायचे हत्यार, आईचे कोवळे वय यांकडे कारण म्हणून कुणी पाहत नसे.

या मृत्यूने आनंदीबाई दुःखाबरोबरच विचारात पडल्या. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे त्यांना वाटू लागले. मदत नव्हती, कारण परपुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे कुलीन स्त्रियांना अशक्य होते आणि स्त्री डॉक्टर देशात जवळजवळ नव्हत्याच. वैद्यक शिकायचे ते याचसाठी, हा निश्चय तिथून पुढे पक्का झाला. प्रारब्धाच्या जागी त्यांनी कारण ठेवले, ही त्या निश्चयातली खरी मोठी गोष्ट. ज्याला कारण आहे त्यावर उपायही असू शकतो, हा वैद्यकाचा पहिला धडा त्या कोणत्याही महाविद्यालयात जाण्यापूर्वी शिकल्या होत्या.

त्याच सुमारास कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत होईल, असा त्या बाजूचा सूर होता. गोपाळरावांनी तो मानला नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती लागला होता. त्यांनी आपणहून पत्र लिहिले. आनंदीबाईंना परदेशात एक मावशी मिळाली. त्या तिला मावशीच म्हणत.

कलकत्त्याची हवा

टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत अखेर बंगालमध्ये पोहोचले. कलकत्ता आणि जवळचे श्रीरामपूर येथे असताना आनंदीबाईंची प्रकृती वरचेवर बिघडू लागली. सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही.

त्या काळच्या डॉक्टरांना विचारले असते तर त्यांनी एकाच शब्दात कारण सांगितले असते : हवा. दलदलीतून, कुजलेल्या पदार्थांतून उठणारी दूषित वाफ हेच तापाचे मूळ, असा समज युरोपातही शतकानुशतके रूढ होता. बंगालची दमट हवा तर त्यासाठी कुप्रसिद्धच होती. हिवतापाचे परजीवी लॅव्हरॉन या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये रक्तात पाहिले होते. डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत सिद्ध केला तो मात्र १८९७ साली. आनंदीबाईंनी कलकत्ता सोडल्यावर काही महिन्यांतच, १८८३ च्या डिसेंबरात, रॉबर्ट कॉख पटकीच्या जंतूच्या शोधात तिथे आले. ज्या शहराच्या हवेला सारे दोष देत होते, तिथल्या तळ्यांच्या पाण्याकडे त्यांनी बोट दाखवले.

श्रीरामपूरच्या महाविद्यालयातले भाषण

तरुण विवाहित हिंदू स्त्री एकटी समुद्र ओलांडणार, या बातमीने हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाजांत टीकेचे मोहोळ उठले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जायचे, इथे शिकायची सोय नाही का, एकटीनेच का, जातीबाहेर टाकले तर काय, यांसारखे प्रश्न त्यांनी स्वतःच उभे केले आणि एकेकाला शांतपणे उत्तर दिले. या देशात स्त्री डॉक्टरांची गरज मोठी आहे आणि ती भागवण्यास आपण पुढे होत आहोत, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. धर्म सोडणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. गोपाळरावांना त्या वेळी जाता आले नाही. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई वाट पाहत होत्या. उन्हाळा रोझेलला त्यांच्या घरी काढून आनंदीबाईंनी शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये प्रवेश घेतला. १८५० साली खास स्त्रियांसाठी सुरू झालेले हे महाविद्यालय जगातील अशा अगदी पहिल्या संस्थांपैकी होते. अधिष्ठाता होत्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका रेचल बॉडली. देशोदेशीच्या मुली तिथे येत. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासमवेत नऊवारीतल्या आनंदीबाईंचे १८८५ सालचे छायाचित्र आजही जगभर पाहिले जाते.

दोन विचारांच्या उंबरठ्यावर

आनंदीबाई वर्गात बसल्या तेव्हा रोगांच्या कारणांविषयीचे दोन विचार एकमेकांसमोर उभे होते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. रंग देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धती पुढच्या वर्षभरात तयार झाल्या. पण शोध लागला म्हणजे तो लगेच पटला असे होत नाही. अमेरिकेतील अनेक नामवंत डॉक्टरांना क्षय हा घराण्याचा रोग वाटे. एकाच कुटुंबात आजोबा, वडील, भाऊ, बहीण एकामागून एक झिजून जात, हे ते रोज पाहत होते. मग ही प्रकृतीच तशी, हे रक्तातच आहे, असा निष्कर्ष त्यांना स्वाभाविक वाटला. एकाच घरात राहणारी माणसे एकाच हवेत श्वास घेतात, एकाच ताटातले जेवतात, हा साधा खुलासा मागे पडला.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हती. क्षय रक्तातून येतो असे मानले की रुग्णाला वेगळे ठेवण्याची, त्याची थुंकी जाळण्याची, खोलीत हवा-उजेड खेळवण्याची गरजच उरत नाही. उलट त्या घरातील मुलींची लग्ने मोडतात. चुकीच्या कारणाची किंमत नेहमी आजारी माणूस आणि त्याचे घर मोजते. क्षय हा संसर्गजन्य आणि म्हणून टाळता येण्याजोगा रोग आहे, असा स्पष्ट अहवाल न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला त्याच्या तज्ज्ञांनी दिला तो १८८९ साली. तोवर आनंदीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

आनुवंशिकतेचे खरे नियम मात्र त्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. मेंडेलचा निबंध १९०० पर्यंत धूळ खात पडला. माणसाचा एखादा रोग मेंडेलच्या नियमाने पिढ्यांतून उतरतो, हे लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी प्रथम दाखवले ते १९०२ साली. त्या रोगात लघवी हवेत काळी पडते. म्हणजे ज्या काळात डॉक्टर आनुवंशिकतेचे नाव सर्वांत जास्त घेत, त्याच काळात त्यांना तिच्याविषयी सर्वांत कमी माहिती होती.

प्रबंध आणि प्राचीन वैद्यक

पदवीसाठी आनंदीबाईंनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्य लोकांतील प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हाच विषय निवडावा, यामागचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

या परंपरेतील प्राचीन वैद्यकाने रोगांच्या कारणांचा किती बारकाईने विचार केला होता, हे आजच्या वैद्यक विद्यार्थ्यांनीही जाणून घेण्यासारखे आहे. सुश्रुतसंहितेत रोगांचे सात वर्ग सांगितले आहेत. आईवडिलांच्या बीजदोषातून येणारे ते आदिबलप्रवृत्त. गर्भावस्थेत आईच्या आहार-विहारामुळे होणारे ते जन्मबलप्रवृत्त. जन्मांधत्व, बहिरेपण यांची उदाहरणे तिथे दिलेली आहेत. मग दोषांमुळे होणारे, आघाताने होणारे, ऋतुमानाने होणारे, दैवी मानलेले आणि भूक, जरा यांसारखे स्वभावतःच येणारे. आनुवंशिक आणि जन्मजात हे दोन वेगळे प्रकार आहेत, बाळ जन्मतः आजारी असले म्हणजे तो दोष घराण्याचाच असे नव्हे, ही जाण त्या वर्गीकरणात आहे. आजही अनेक घरांत हा फरक लक्षात घेतला जात नाही.

याच ग्रंथात काही रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात असे म्हटले असून स्पर्श, श्वास, सहभोजन, एका शय्येवर झोपणे ही त्याची द्वारे सांगितली आहेत. त्या यादीत शोष, म्हणजे क्षय, आहे. चरकसंहितेने राजयक्ष्म्याची जी चार कारणे दिली, त्यांत शक्तीबाहेरचे श्रम आणि अयोग्य आहार यांचा समावेश आहे. जंतू दिसण्याची साधने नसताना निरीक्षणाच्या बळावर ही मंडळी कुठवर पोहोचली होती, ते यावरून ध्यानात येते. त्यांना जंतू माहीत नव्हता; पण जंतूखेरीज जे जे लागते, ते त्यांनी पाहिले होते.

पदवी आणि परती

परदेशातील तीन वर्षे आनंदीबाईंच्या शरीराला मानवली नाहीत. पेनसिल्व्हेनियाची कडक थंडी, तिच्यापुढे अपुरे पडणारे कपडे, कटाक्षाने पाळलेला शाकाहार, अनोळखी अन्न, पैशाची ओढाताण आणि अभ्यासाचा ताण. आधीच खालावलेली प्रकृती आणखी ढासळली. १८८५ मध्ये गोपाळरावही अमेरिकेत आले.

११ मार्च १८८६ रोजी, एकविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी वीस दिवस, आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी यासाठी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्येच उभा राहिला होता. आनंदीबाईंनी श्रीरामपुरात मांडलेली गरज आता राज्यकर्त्यांनाही दिसू लागली होती. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली.

पण तोवर खोकला आणि ताप यांनी शरीर पोखरले होते. क्षयाचे निदान झाले. क्षयाचा जंतू माहीत होता; त्यावर औषध नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात एडवर्ड ट्रूडो या, स्वतः क्षयी असलेल्या, डॉक्टरने नुकतेच एक आरोग्यधाम उघडले होते. तिथेही उपचार म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढेच. आनंदीबाईंना या तिन्हींचा लाभ कधीच झाला नव्हता.

१८८६ च्या ऑक्टोबरात पती-पत्नी परतीच्या प्रवासाला निघाली. १६ नोव्हेंबर रोजी मुंबईत त्यांचे मोठे स्वागत झाले. ज्या समाजाने जाताना बोल लावले, तोच आता कौतुकाला जमला होता. परंतु कोल्हापूरच्या रुग्णालयात रुग्ण तपासण्याचा दिवस उगवला नाही. पुण्यात उपचार सुरू होते. वैद्यांची औषधेही झाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंनी देह ठेवला. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता.

कारण आणि दोष

मृत्यूनंतर कारणे सांगणाऱ्यांची उणीव नसते. समुद्र ओलांडला, स्त्रीने मर्यादा सोडली, म्हणून देवाने हे फळ दिले, असे सनातनी म्हणू शकत होते. परदेशच्या हवेने घात केला, हे डॉक्टरांचे जुने उत्तर तयारच होते. मुळातच नाजूक प्रकृती, असे म्हणून कुणी तिच्या देहालाच जबाबदार धरू शकत होता. आणि नव्या विज्ञानापाशी एका ओळीचे उत्तर होते : जंतू.

आजचे वैद्यक या उत्तरांपैकी एकावर थांबत नाही. क्षयाच्या जंतूवाचून क्षय होत नाही, ही गोष्ट निर्विवाद. पण जंतू शरीरात शिरलेल्या माणसांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांत तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. तो केव्हा जागा होईल, हे त्या शरीराच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. तिच्यात जनुकांचा वाटा आहे : जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून विसाव्या शतकात तो दिसून आला आणि क्षयजंतूच्या वर्गातील जंतूंपुढे शरीराला दुबळे करणारे काही विरळ जनुकीय दोषही पुढे सापडले. मधुमेह, एचआयव्ही, कोंदट घर, धूर यांचाही वाटा आहे. आणि भारतासारख्या देशात सर्वांत मोठा वाटा अर्धपोटी राहण्याचा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पुरेसे धान्य व पोषक आहार दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आनंदीबाईंचे आयुष्य या नजरेने पाहिले की एकेक धागा उलगडतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, वाढत्या वयात झालेली झीज, दाटीवाटीच्या शहरांतला मुक्काम, परक्या देशातील अपुरा आहार, थंडी, अतिश्रम आणि या सगळ्यांत कुठे तरी शिरलेला जंतू. यांतला एकही धागा एकट्याने पुरेसा नाही. बालविवाहाची रूढी ही तिच्या आजाराची जितकी पार्श्वभूमी आहे, तितकीच अमेरिकेतील थंडीही. यांपैकी कशातही तिचा अपराध नव्हता. रोगाचे कारण शोधणे म्हणजे रोग्याचा दोष शोधणे नव्हे. हे दोन शोध एकमेकांत मिसळले की वैद्यक न्यायासनावर जाऊन बसते आणि उपचार मागे पडतो.

क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. आनंदीबाई गेल्या त्यानंतर ५६ वर्षांनी. आज क्षय औषधांनी बरा होतो, तरीही जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि रोग लपवण्याची, विशेषतः मुलींचा रोग लपवण्याची वृत्ती गेलेली नाही.

मागे राहिलेले

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत तिला स्थान मिळाले. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र सिद्ध केले आणि १९६८ साली श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचवली. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव दिले गेले आहे.

एकाही रुग्णालयाची सूत्रे प्रत्यक्ष हाती न घेतलेल्या या डॉक्टरचे कार्य काय, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. त्यांच्यानंतर काही वर्षांतच मुंबईच्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९५ मध्ये परतून त्यांनी दीर्घकाळ सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली. पहिल्या पावलाचे मोल दुसऱ्या पावलाला कळते.

कल्याण आता जुन्या गावाच्या वेशी ओलांडून डोंबिवलीपर्यंत सलग पसरले आहे. तिथल्या मुली रोज लोकल गाडीने मुंबईच्या आणि कळव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. रोगकारणांच्या पाठ्यपुस्तकात त्यांना जनुके, जंतू, पोषण, परिस्थिती अशी निरनिराळी प्रकरणे नेमलेली असतात. रुग्ण मात्र अशी प्रकरणे पाडून येत नाही. या सगळ्यांचे ओझे एकाच देहात घेऊन तो समोर बसतो. याच गावच्या जोशी घराण्यातल्या मुलीने दहा दिवसांच्या मुलाच्या मृत्यूत प्रारब्ध न पाहता कारण पाहिले, हे त्यांच्यापैकी प्रत्येकीने ध्यानात ठेवावे.